आठवड्याचे मालक

फ्लॉरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर, डेटोना बीचपासून खाली फोर्ट लॉडरडेलपर्यंत, 1970 आणि 1980च्या दशकांत उभ्या राहिलेल्या टाइमशेअर इमारती अजून बऱ्याच आहेत. सहा-सात मजले, समुद्राकडे तोंड केलेल्या बाल्कन्या, खाली पोहण्याचा तलाव, त्यापलीकडे बंधारा आणि बंधाऱ्यापलीकडे थेट वाळू. आत पाऊल टाकलं की इमारतीचं वय लपत नाही. लिफ्ट सावकाश वर जाते. बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या खाचेत वाळू बसलेली असते, त्यामुळे दार दोन्ही हातांनी ओढावं लागतं. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर खाऱ्या हवेने पांढरी पूड धरलेली असते. स्वयंपाकघरात विजेची शेगडी, टोस्टर, कॉफीचं यंत्र, सहा ताटं, सहा पेले आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली या सगळ्या वस्तूंची यादी. ही यादी मला फार बोलकी वाटते. हॉटेलच्या खोलीत ती नसते, कारण तिथल्या चमच्याशी पाहुण्याचं काही नातं नसतं. इथे शनिवारी सकाळी खोली सोडणारं कुटुंब आणि त्याच दिवशी दुपारी आत येणारं कुटुंब, दोघंही त्या चमच्याचे मालक असतात. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली पन्नासेक कुटुंबं एका स्वयंपाकघराची मालक असणं ही विलक्षण गोष्ट आहे, आणि ती पन्नास वर्षं टिकली ही त्याहून विलक्षण.

अशा जागेबद्दल दोनच मतं सहसा ऐकू येतात. एक म्हणजे टाइमशेअर ही शुद्ध फसवणूक. गोड बोलून गळ्यात मारलेला आठवडा, जो पुढे एक डॉलरलाही कुणी घेत नाही. दुसरं म्हणजे जागा छान होती, पण आता जुनाट झाली, नव्या रिसॉर्टात जावं. दोन्ही मतांचा रोख अखेर एकाच गोष्टीवर येतो: दरवर्षी भरावी लागणारी देखभालीची वर्गणी. ती आज एका आठवड्यामागे हजार डॉलरच्या पुढे असणं सर्रास आहे, आणि ती कधी कमी होत नाही. लोकांचा सगळा राग या वर्गणीवर आहे. मला मात्र वाटतं की या व्यवहारात जर काही सरळ आणि खरं असेल तर ती ही वर्गणीच. खोट आहे ती दुसरीकडे: विकताना ही वर्गणी झाकून ठेवण्यात, आणि मालकाला बाहेर पडण्याचा रस्ता न ठेवण्यात. जुन्या इमारतीकडे नीट पाहिलं तर हे दिसतं, म्हणून तिथे राहणं मला मोलाचं वाटतं.

ही कल्पना मुळात युरोपातली. 1963 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग ही संस्था निघाली. सभासदांनी पैसे एकत्र करून सुट्टीची घरं घ्यायची आणि आळीपाळीने वापरायची, असा तिचा सरळ हिशेब होता. अमेरिकेत ती फोफावली ती मात्र अडचणीपोटी. 1973 च्या तेलसंकटानंतर मंदी आली आणि फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर बांधून ठेवलेले कॉन्डो, म्हणजे मालकीचे फ्लॅट, विकले जाईनात. एक फ्लॅट एका गिऱ्हाइकाला परवडत नाही, तर तोच पन्नास जणांना एकेक आठवडा करून विकू, असं बिल्डरांनी ठरवलं. वर्षाचे 52 आठवडे. त्यातले 50 किंवा 51 विकायचे, उरलेले रंगरंगोटी आणि दुरुस्तीसाठी राखायचे. 1974 मध्ये आरसीआय ही अदलाबदलीची कंपनी सुरू झाली आणि डेटोनाचा आठवडा देऊन दुसऱ्याच्या डोंगरातला आठवडा घेता येऊ लागला. 1981 मध्ये फ्लॉरिडाने यासाठी स्वतंत्र कायदा केला. अशा रीतीने शिक्षक, टपाल कर्मचारी, छोटे दुकानदार समुद्रकाठच्या घराचे रीतसर खरेदीखत झालेले मालक बनले. त्या खरेदीखताला मुदत नव्हती. वारसांकडे जाणारी, कायमची मालकी, हाच तर विक्रीतला सर्वांत मोठा गोडवा होता, आणि पुढे तोच कडू झाला.

वाटून वापरणं म्हणजे काही परदेशी डोक्यातून निघालेली क्लृप्ती असं मराठी वाचकाने मानू नये. आपल्याकडे सामाईक विहिरीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या पाळीने वाटलं जातं. भावकीत वाटण्या होतात, जमिनीचे तुकडे पडतात, पण विहीर एकच राहते, मग कुणाला कोणता वार, दिवस की रात्र, किती तास, हे ठरतं. सात-बाऱ्यावर विहिरीतला हिस्सा लिहिला जातो. धुळे-नाशिक भागातल्या पांझरा, मोसम नदीकाठच्या फड पद्धतीत तर आख्खं गाव पाटाचं पाणी असं वाटून घेत आलं. पण विहिरीची वाटणी नुसत्या पाण्याची नसते. गाळ काढायचा झाला, काठ ढासळला, मोटार जळली, की त्याचा खर्चही त्याच हिश्शाने पडतो. फडातही बंधाऱ्याची डागडुजी आणि पाटाची सफाई लाभधारकांनीच करायची असते. ज्याची पाळी त्याचा गाळ, हे तिथे वेगळं सांगावं लागत नाही, कारण गाळ सगळ्यांना डोळ्यांनी दिसतो. टाइमशेअरमध्ये पाळी तीच आहे, पण गाळ दिसत नाही. जो माणूस वर्षातून सात दिवस येतो, त्याला इमारतीचं दुखणं कधीच पूर्ण कळत नाही. त्याच्या हाती फक्त बिल येतं.

आणि दुखणं खरं असतं. बाल्कनीच्या कठड्याचा खांब जिथे काँक्रीटमध्ये रुतवलेला असतो, ती वीतभर जागा पाहावी. खांबाभोवती केसाएवढी बारीक भेग असते. भेगेतून तपकिरी ओघळ खाली आलेला असतो आणि त्यावर वर्षानुवर्षं रंगाचे थर बसलेले असतात. समुद्राच्या हवेतलं मीठ, नेमकं सांगायचं तर त्यातले क्लोराइडचे कण, काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपत जातात. चांगल्या काँक्रीटमध्ये सळईभोवती एक पातळ संरक्षक थर तयार झालेला असतो. क्लोराइड तो थर फोडतं. मग सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. सळई आतून फुगते, वरचं काँक्रीट उकलतं, पोपडा सुटतो, आत आणखी खारं पाणी शिरतं. मुंबईत दादर-वरळीच्या समुद्राजवळ राहणाऱ्याला स्लॅबमधून डोकावणारी लालसर सळई अनोळखी नाही. रंग लावून हे थांबत नाही. उकललेलं काँक्रीट फोडून काढावं लागतं, सळई घासावी किंवा बदलावी लागते, मग पुन्हा भरणी. हे काम महाग आहे, ते दर काही वर्षांनी करावंच लागतं, आणि झाल्यावर पाहुण्याला त्यातलं काही दिसत नाही. लॉबीत नवा सोफा आला तर लोक वाहवा करतात. बाल्कनीच्या पोटातल्या सळईसाठी कुणी टाळ्या वाजवत नाही.

हे काम पुढे ढकललं तर काय होतं, ते सगळ्या जगाने पाहिलं. मायामीजवळच्या सर्फसाइड गावातली शॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही बारा मजली इमारत 24 जून 2021 च्या मध्यरात्रीनंतर कोसळली. 98 माणसं गेली. ती टाइमशेअर नव्हती, कायम राहणाऱ्यांची होती, पण वय तेच, 1981 चं बांधकाम, आणि किनाराही तोच. तलावाच्या ओट्याखालच्या स्लॅबचं नुकसान 2018 च्या एका अभियांत्रिकी अहवालात नोंदवलेलं होतं. दुरुस्तीसाठी दीड कोटी डॉलरची जादा वर्गणी मंजूर झाली ती कोसळण्याच्या जेमतेम दोन महिने आधी. घरं होती 136. म्हणजे एका घराच्या वाट्याला सरासरी एक लाख दहा हजार डॉलर. निवृत्त माणसाला हा आकडा ऐकून घेरी आली, सभेत वाद झाले, वर्षं गेली, तर त्याला मी दोष देणार नाही. आता हाच बोजा 51 आठवड्यांत वाटून पाहा: एका आठवड्याच्या मालकाला दोन हजार डॉलरच्या थोडा वर. जे एकाला मोडून टाकतं ते पन्नास जणांना झेपतं. वाटून घेतलेल्या मालकीचं खरं बळ इथे आहे, आणि विक्रीच्या गोडगोड बोलण्यात नेमकं हेच कुणी सांगत नाही. तिथे सूर्योदयाची चित्रं दाखवली जातात.

2022 मध्ये फ्लॉरिडाने कायदा बदलला. तीन किंवा त्याहून जास्त मजल्यांच्या कॉन्डो इमारतींना वयाच्या तिसाव्या वर्षी, आणि पुढे दर दहा वर्षांनी, मजबुतीची तपासणी सक्तीची झाली. छप्पर, खांब, स्लॅब यांच्यासाठीचा राखीव निधी सभेत हात वर करून माफ करून घेण्याची सोयही बंद झाली. आपल्या सोसायट्यांच्या उपविधींत हे फार आधीपासून आहे: बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधी आणि किमान 0.25 टक्के सिंकिंग फंड, दरवर्षी. आपल्याही किती सोसायट्या तो मनापासून गोळा करतात हा प्रश्न आहेच. पण तत्त्व सरळ आहे: इमारत रोज थोडी झिजते, म्हणून पैसाही दरवर्षी थोडा बाजूला पडला पाहिजे. त्यामुळे एखाद्या जुन्या किनारी रिसॉर्टची वर्गणी गेल्या दोन-तीन वर्षांत एकदम वाढली असेल, तर लगेच लूट म्हणू नये. विम्याचे दर चढले आहेत आणि चाळीस वर्षांचा थकलेला हप्ता आता भरला जातो आहे. जिथे वर्गणी बरीच वर्षं हलली नाही, त्या इमारतीची मला जास्त काळजी वाटेल.

मग अडतं कुठे? वाटा जितका लहान, तितका तो सोडून देणं सोपं. फ्लॅटच्या मालकाचं घरच तिथे असतं. तो भांडेल, पण पळणार नाही. आठवड्याचा मालक म्हातारा होतो, विमानप्रवास झेपत नाही, जोडीदार जातो, मुलांना तो आठवडा नको असतो. कायमच्या खरेदीखतामुळे वर्गणी मात्र चालू राहते. विकायला जावं तर एका डॉलरला काढलेले शेकडो आठवडे आधीच बाजारात पडलेले. या अगतिकतेवर जगणाऱ्या मध्यस्थांची एक वेगळी जात तयार झाली आहे. आगाऊ हजारो डॉलर घेऊन सुटका करून देण्याचं वचन देतात आणि गायब होतात. शेवटी माणूस वर्गणी भरणं थांबवतो. त्याचा वाटा उरलेल्यांवर पडतो, वर्गणी वाढते, आणखी काही जण थांबतात. विहिरीच्या दहा हिस्सेदारांतले चार गाव सोडून गेले आणि त्यांच्या नावावर पाळी तशीच राहिली, तर उरलेल्या सहांनी गाळ कुठवर काढायचा? वारसाला असा आठवडा लेखी नाकारता येतो, पण हे बहुतेकांना माहीत नसतं. आईवडिलांची आठवण म्हणून सही करतात आणि अडकतात. इमारतीला मीठ खातं हे खरं, पण बंद दारही तितकंच खातं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की एवढा व्याप हवाच कशाला, हॉटेलात राहावं आणि पैसे देऊन मोकळं व्हावं. ज्याला दरवर्षी नवा गाव पाहायचा आहे त्याने तेच करावं. पण समुद्रकाठ मोजका असतो, आणि तो कोणाला मिळावा हा प्रश्न हॉटेलच्या दराने सुटत नाही. आज त्याच किनाऱ्यावर जुन्या इमारती पाडून उभे राहणारे मनोरे बघा; त्यातली कित्येक घरं श्रीमंतांची दुसरी-तिसरी घरं असतात, वर्षातले बरेच महिने दिवा लागत नाही. अलिबागपासून दिवेआगरपर्यंत कुलूप लावलेले बंगले आणि गोव्यातले अंधारे फ्लॅट आपण पाहतोच. आजूबाजूच्या गावाला पाणी कमी आणि बंगल्याचा तलाव भरलेला. त्यापुढे एका स्वयंपाकघरात वर्षभर पन्नास कुटुंबांचा स्वयंपाक होणं हा किनाऱ्याचा कितीतरी शहाणा वापर आहे. शिवाय घर म्हणजे घर. भारतातून आलेले आईवडील, दोन मुलं, कुकर आणि डाळ-तांदूळ घेऊन उतरलेल्या मराठी कुटुंबाला हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा हे जुनं स्वयंपाकघर किती सोयीचं, हे वेगळं सांगायला नको. आणि दरवर्षी त्याच आठवड्यात येणाऱ्यांची एकमेकांशी, तिथल्या नोकरवर्गाशी जी ओळख होते, ती खोलीच्या भाड्यात मिळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. समुद्र पुढे येतो आहे. मग वाळूत पैसे का ओतायचे? सप्टेंबर 2022 अखेरीस इयान आणि त्याच वर्षी 10 नोव्हेंबरला निकोल अशी दोन वादळं सहा आठवड्यांत आली. इयानने डेटोनाच्या परिसरातली वाळू ओढून नेली, बंधारे खिळखिळे केले. निकोल तुलनेने दुबळं होतं, तरी त्याने उघड्या पडलेल्या पायांवर घाव घातला. विल्बर-बाय-द-सी इथे घरं समुद्रात कोसळली, अनेक बहुमजली हॉटेलं आणि कॉन्डो रिकामे करावे लागले. काही जागा सोडाव्या लागतील, हे मान्य केलंच पाहिजे. पण त्यातूनही माझंच म्हणणं पुढे येतं. जिला कधीतरी संपायचं आहे अशा इमारतीची मालकी कायमची म्हणून विकणं हाच मुळात खोटेपणा होता. इमारतीला शेवट असतो असं धरून चाललं, तर मालक एकत्र बसून ठरवू शकतात: आणखी पंधरा वर्षं चालवायची, तोवर सळई आणि बंधारा नीट ठेवायचा, मग जमीन विकून प्रत्येक आठवड्याला त्याचा वाटा द्यायचा. किनाऱ्यावरच्या जमिनीला किंमत असते. वाट्याला थोडं तरी येतं. न ठरवता ढकलत राहिलं तर शेवट वादळ ठरवतं आणि वाट्याला कज्जे येतात.

भारतात गोष्ट थोडी वेगळी घडली. 1986 मध्ये स्टर्लिंग आणि 1996 मध्ये क्लब महिंद्रा सुरू झालं. महिंद्राचं मूळ सदस्यत्व 25 वर्षांचं, इमारत कंपनीची, सभासदाला फक्त वापराचा हक्क. मुदत असणं ही यातली चांगली बाजू आहे. 25 वर्षांनी दार आपोआप उघडतं, मुलांच्या गळ्यात काही पडत नाही. पण सभासदाला स्लॅबबद्दल विचारण्याचा हक्क नाही, राखीव निधीवर मत नाही, सर्वसाधारण सभा नाही. वर्षाची वर्गणी इथेही आहे, फक्त ती कशावर खर्च झाली हे विचारणारा मालक नाही. फ्लॉरिडाच्या जुन्या इमारतीत सभा आहे, हिशेब आहे, मतदान आहे, पण दार नाही. मला वाटतं, दोन्हींतलं चांगलं एकत्र करणं अवघड नाही: मुदतीची मालकी, मुदतीपर्यंत सभेत मत, आणि वर्गणीतला ठरावीक भाग सळई, छप्पर आणि बंधाऱ्यासाठी कायद्याने बांधलेला. विहिरीच्या हिस्सेदारांनी हे सगळं कागदाशिवाय पाळलं. कंपन्यांना आणि सरकारांना ते कागदावर आणणं शक्य आहे.

तोवर जुन्या किनारी रिसॉर्टात जरूर राहा. भाड्याने आठवडा घेऊन राहा, मालकी मिळत असेल तर तिचाही विचार करा, पण लॉबी पाहून ठरवू नका. आपल्या बाल्कनीत उभं राहून वरच्या बाल्कनीच्या पोटाकडे मान वर करून पाहा. व्यवस्थापकाकडे गेल्या तीन वर्षांचा ताळेबंद मागा. राखीव निधी किती, किती मालकांनी वर्गणी थकवली, आणि आठवडा परत करायचा झाला तर इमारतीची संस्था तो घेते का, एवढ्या तीन गोष्टी विचारा. उत्तर टाळलं तर सही करू नका. आणि भरात सही झालीच असेल, तर फ्लॉरिडाच्या कायद्याने करार लेखी रद्द करायला दहा दिवस मिळतात. सुट्टीवर आलेल्या माणसाचे ते दिवस पटकन निघून जातात. परतीच्या विमानात बसण्याआधी कागद वाचा.